वन्संचा उजवा हात

"वन्सं, डाव्या हातानं?" मी विचारलं.

"उजवा रोजचाच आहे. म्हटलं, यालाही जरा कामाची सवय लावावी," वन्सं म्हणाल्या आणि ठोकत राहिल्या. मान काही वर केली नाही.

मी स्वयंपाकघरात अळवाचे कंद सोलत बसले होते. हातातला कंद तसाच घेऊन बाहेर आले होते, कारण आवाज चुकत होता. आमच्या टोंगात सकाळी ओंडक्यांवर मोगऱ्या पडायला लागल्या की घरबसल्या कळतं, कोण उठलंय, कोण नवऱ्याशी भांडलंय आणि कोण नुसतीच गप्पा मारत बसलीय. झाडाची ओली साल ओंडक्यावर ठेवायची आणि ठोकून ठोकून तिचं कापड करायचं, हे आमचं बायकांचं काम. माझ्या मोठ्या नणंदेचा, सेलुवाइयाचा ठोका तर अख्ख्या गावाच्या ओळखीचा. दोन हलके, एक भारी, आणि पट्टी वळवताना थोडीशी उसंत. ओंडक्याच्या डोक्याशी त्या बसायच्या आणि बाकीच्या आम्ही त्यांच्या ठोक्यात आपला ठोका मिसळायचो. त्या सकाळी बऱ्याच दिवसांनी तो ठोका ऐकू आला, तर तो लंगडत होता.

मी सरळ मोगरी काढून घेतली. "उजवा वर करून दाखवा."

"तू कोण, पोलीस?"

"दाखवा हो."

त्यांनी हात उचलला. छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. चेहरा पांढरा पडला तरी बोलणं सोडलं नाही. "एवढा पुरे आहे की. मला काय माडावर चढून नारळ काढायचेत?"

"कधीपासून?"

त्यांनी शेजारच्या आमच्या घराकडे एकदा बघून घेतलं. तिथं माझी मुलगी लेसिएली कामावर जायला निघाली होती, तिचा गणवेश दोरीवरून दिसेनासा झाला होता. वन्संनी तिला फाटकातून बाहेर पडू दिलं. मग हळूच म्हणाल्या, "सुईपासून."

सुईचा दिवस गावात सणासारखा झाला होता. साथीचा आजार आमच्या बेटावर अजून पोचलाही नव्हता, सगळ्या सीमा बंद होत्या. तरी लस आली होती आणि ती द्यायला गावातलीच मुलगी आली होती. लेसिएली आमच्या गावातली पहिली नर्स. रेडिओवर आठवडाभर सांगत होते, सैल बाह्यांचे कपडे घालून या. पण चर्चच्या हॉलमध्ये सैल बंडी घालून कोण जातं? रविवारचे ठेवणीतले झगे चढवून, आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला मानाच्या चटया गुंडाळून आम्ही सगळ्याजणी हजर. झगे असे की कोपरापर्यंत घट्ट बाही. दंड उघडा करायचा तर पाठीची बटणं काढून हातच बाहेर घ्यायला हवा.

आणि समोर पुरुषांची रांग. त्यात कोणाचा सख्खा भाऊ, कोणाचा चुलत, कोणाचा मावस. आमच्यात ते सगळे भाऊच. भाऊ-बहीण वयात आले की एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांची थट्टा करत नाहीत, शरीराबद्दल अक्षर काढत नाहीत. भावासमोर बहिणीचा खांदा उघडा पडणं तर दूरच राहिलं. माझ्या नवऱ्याला, इसिलेलींना, बहिणीशी काही बोलायचं असलं की ते मला सांगतात. वन्संना भावाला काही सांगायचं असलं तरी निरोप्या मीच. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ही नोकरी करतेय, पगार नाही.

तर हे त्या दिवशी सकाळपासून लेकीच्या टेबलासमोर उभे. स्वतःची सुई घेऊन झाली होती तरी हलेनात. पोरगी टोचतेय आणि बाप असा उभा, जशा काही सुया त्यांनीच घडवल्यात.

वन्सं खुर्चीत बसल्या तर त्यांची डावी बाजू नेमकी पुरुषांच्या रांगेकडे. त्यांनी लेसिएलीला पलीकडे, भिंतीच्या बाजूला बोलावलं आणि उजवा खांदा पुढे केला. मानेजवळचं एक बटण काढलं, गळा दोन बोटं बाजूला ओढला.

"आत्या, बाही जरा पूर्ण काढली असती तर—"

"दिसतंय तेवढ्यात दे."

आत्याला दुसऱ्यांदा सांगायची आमच्यात रीत नाही. आई-बापाला उलटून बोललेलं एक वेळ चालतं; बापाची बहीण म्हणजे घरातली सगळ्यांत मोठी. तिच्या अंगाला तिनं म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही, तिच्या ताटातलं खायचं नाही. पोरीनं दिसलं तेवढ्या जागेत सुई दिली. वन्सं उठल्या, बटण लावलं आणि मला म्हणाल्या, "हात हलका आहे हो पोरीचा." ते ह्यांना ऐकू जावं अशा बेतानंच.

त्या आठवड्याच्या शेवटी सगळं गाव आडवं झालं. पाद्रीबाईंना अशी थंडी भरली की गाण्याच्या तालमीला आल्या त्या शेवटच्या बाकावर चटई पांघरून झोपल्या. माझं डोकं इतकं ठणकत होतं की मला कोंबड्यांचा जन्माचा राग आला. कालोलाइने, आमच्या ओंडक्यावरची सगळ्यांत बोलकी बाई, दोन दिवस एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या घरचे म्हणाले की ही लस चांगली दिसतेय. तिचा नवरा दंड धरून आठवडाभर शेतावर गेला नाही. संध्याकाळी पुरुषांच्या बैठकीत कावाची, त्या झिंग आणणाऱ्या काढ्याची वाटी मात्र तोच दंड बिनतक्रार उचलत होता. लेसिएली घरोघरी गोळ्या घेऊन फिरली. "असं होतंच. अंगानं लस ओळखली म्हणायचं. दोन दिवसांत उतरेल," सांगत. आणि खरंच, सगळ्यांचं उतरलं. वन्संचं तेवढं उतरलं नाही.

त्यांनी ते कोणाला कळूही दिलं नव्हतं. मोगरी मारायच्या वेळी त्या रंगाचं भांडं ढवळत बसायच्या, आम्हाला वाटायचं मोठेपणा करताहेत. मी मनातल्या मनात बोललेही असेन काहीतरी, नणंद-भावजयीत बोललं जातं तसं. आता एकेक आठवायला लागलं. केस बांधायचे सोडून त्यांनी मागं नुसती फडक्याची गाठ मारायला सुरुवात केली होती. त्यांची मुलं तिकडे ऑकलंडला, परत यायची वाट बंद, घरात एकट्या. बघणारं होतं कोण?

"इकडे या, केस विंचरून देते," मी म्हटलं. भावजयीनं नणंदेच्या डोक्याला हात लावायचा नसतो. त्यांनी डाव्या हातानं फडक्याची गाठ सोडली.

"आज लाव," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रंग आणायचं निमित्त सांगून आम्ही बसनं राजधानीला, नुकुअलोफाला गेलो. डॉक्टर तरुण होता. त्यानं खांदा नीट उघडा करायला लावला, मला वाटलं वन्सं उठून जातील, पण तिथं भाऊ नव्हता. त्यानं बोटानं दाबत दाबत एका जागी थांबून विचारलं, "इथं?" वन्संच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. तेच उत्तर.

"सुई फार वर लागलीय, बाई. दंडाच्या मांसात जायची ती सांध्यापाशी गेली. आत सूज धरलीय, म्हणून खांदा आखडलाय. असं क्वचित होतं. लसीचं काही नाही यात, जागा चुकली."

"मग मोगरी कधी धरू?"

"व्यायाम सांगतो तो करा. वर्षभरात बराच सुटेल. पूर्ण सुटेल असं मी सांगणार नाही."

"मी पूर्णचं नाही विचारलं. मोगरीचं विचारलं."

त्यानं कागदावर व्यायामाची चित्रं काढायला घेतली. काढता काढता म्हणाला, "कोणी दिली होती सुई? त्यांना सांगायला हवं."

"तोंडाला फडकं होतं," वन्सं म्हणाल्या. "मला सगळ्या सारख्याच दिसतात."

बसमध्ये त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला, एखादं सामान ठेवावं तसा. गाव जवळ आल्यावर बोलल्या. "लेसिएलीला कळता कामा नये."

"अहो, पण डॉक्टर म्हणाला—"

"डॉक्टरला काय माहीत आपली पोर? लहानपणी माझ्या कोंबडीच्या पिल्लावर तिचा पाय पडला होता. किती दिवस अंगणात पाऊल टाकलं नाही तिनं, आठवतं? हे कळलं तर ती पुन्हा सुई हातात धरायची नाही. आणि मी तिच्या लग्नात तिला बसवायचं कापड करतेय, लोसे. माझा हात तिच्यामुळं गेला, हे त्या कापडावर बसून ऐकायचं का तिनं?"

मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझी लेक आहे ती. तिच्या नावाला बट्टा लागणार नव्हता. मग नजर त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे गेली. मुलीच्या लग्नात आमच्याकडे आत्या पुढं बसते, सगळा मान तिचा, आई कुठंतरी चुलीच्या धुरात. याचा मला वर्षानुवर्षं राग होता. त्या दिवशी बसमध्ये पहिल्यांदा वाटलं की हा मान काही फुकट मिळत नाही.

पण गावात हात लपवणार किती दिवस? मोगऱ्यांचा आवाज तर सगळ्यांना जातो. वन्संचा ठोका थांबला हे कालोलाइनेच्या कानांनी आमच्या आधीच टिपलं होतं. एका सकाळी ओंडक्यावर तिनं विषय काढला.

"सेलुवाइयाताईंचा हात लसीनं गेला म्हणतात. हाडं आतून मऊ होतात. माझ्या बहिणीनं फोनवर पाठवलंय, एक गोरा डॉक्टर बोलताना दिसतो."

"कुठला डॉक्टर?"

"डॉक्टरच होता. कोट घातला होता."

"कोट काय, पाद्रीपण घालतो," मी म्हटलं. पण हसलं कोणी नाही. सगळ्यांच्या मोगऱ्या जरा हळू झाल्या होत्या. प्रत्येकीनं आपापला दंड चाचपून बघितला असावा मनातल्या मनात.

दुसरी सुई जवळ येत होती. लेसिएली घरोघर विचारून आली ती ओट्यावर बसून राहिली. "आई, कोणी येत नाही म्हणतंय. फिजीत रोज माणसं मरताहेत, रेडिओ ऐकतात ना हे लोक? तिथून एक बोट आली की संपलं. सगळ्या एकच विचारतात, तुझ्या आत्याच्या हाताचं काय झालं ते आधी सांग. मला कोणी सांगितलंच नाही, आत्याच्या हाताला काय झालंय?"

मी म्हटलं, त्यांनाच विचार. कुठं बघून म्हटलं, देव जाणे. ती पलीकडे गेली, मीही मागोमाग.

"पायरीवरून पडले," वन्सं म्हणाल्या.

"कधी?"

"तू नव्हतीस तेव्हा."

"मला बघू दे ना, आत्या."

"आत्याच्या अंगाला हात लावणार?"

झालं. पोरीनं मान खाली घातली आणि परत आली. वन्संना आपल्या मोठेपणाची अशी ढाल करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

कालोलाइनेला काही ढाल-बिल लागू नव्हती. ती दुसऱ्या दिवशी अंगणातच येऊन बसली. "ताई, पडलात ना तुम्ही? मग रविवारी चर्चमध्ये उभं राहून तेवढं सांगा. तुमच्या शब्दावर मी पहिली जाईन सुईला. बाकीच्या येतील माझ्या मागनं." यात तिचा काही डाव नव्हता. बाई भ्यायलेली होती आणि तिला कोणीतरी भीती घालवायला हवं होतं.

वन्संनी तिला पपई दिली आणि वाटेला लावलं. मग मला म्हणाल्या, "पोरीला सांगितलं ते वेगळं. चर्चमध्ये कसं सांगू?"

रविवारी त्या चर्चमध्ये उभ्या राहिल्याच नाहीत. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. मला त्यांची घालमेल दिसत होती. खरं बोलावं तर भाचीचं नाव जातं. गप्प बसावं तर गाव सुई घेत नाही, आणि उद्या आजार आला तर चर्चच्या मागच्या वाळूत किती खड्डे पडतील याचा हिशोब कोणी करायचा? त्यांच्या मधल्या मुलाची सासू तिकडे कॅलिफोर्नियात त्या आजारानं गेली होती. तिच्या शवपेटीवर घालायला इथून कापडसुद्धा पाठवता आलं नव्हतं. ते वन्संना फार लागलं होतं. जेवताना मधेच विचारायच्या, "बिचारीवर काय घातलं असेल गं त्यांनी?"

दुसऱ्या सुईच्या दिवशी आम्ही हॉलमध्ये शिरलो तेव्हा लेसिएली टेबलाशी बसली होती, आणि ओळीनं मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या. बायका आल्या होत्या, पण भिंतीला टेकून उभ्या, बघायला आल्यासारख्या. पुरुष दाराशी. हे आपले पहिल्यासारखेच लेकीच्या समोर. या वेळी अभिमानानं नव्हे. पोरगी एकटी पडू नये म्हणून. शर्ट इस्त्रीचा, तोंड उतरलेलं.

वन्सं सरळ हॉलच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. भावाकडे न बघता मोठ्यानं मला म्हणाल्या, "लोसे, त्यांना सांग, पुरुषांनी बाहेर जावं."

मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं, "वन्सं म्हणतात, पुरुषांनी बाहेर जावं." तीन पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला निरोप पोचवताना एरवी मला हसू आलं असतं.

हे दाराकडे निघाले. ते निघाले म्हटल्यावर बाकीचेही निघाले, पाद्रीसुद्धा. दार लोटलं गेलं.

वन्संनी माझ्याकडे पाठ केली. "बटणं काढ."

मी सगळी काढली. त्यांनी झगा दोन्ही खांद्यांवरून उतरवून कमरेच्या चटईत खोचला आणि शेमिजवर खुर्चीत बसल्या. गावातल्या बायकांनी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. उजव्या खांद्याचं मांस झडलं होतं, हाड वर आलं होतं. डाव्या शेजारी तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. कालोलाइनेच्या तोंडून हुंकारासारखं काहीतरी निघालं.

"नीट बघून घ्या," वन्सं म्हणाल्या. "मी पायरीवरून पडले नाही. हाडंबिडं मऊ झाली नाहीत. सुई वर बसली, सांध्यापाशी. का बसली? मी बाही काढली नाही म्हणून. समोर भाऊ होता. पोरीनं सांगितलं होतं, बाही काढ. मीच म्हटलं, दिसतंय तेवढ्यात दे. तुम्ही सगळ्यांनी त्या दिवशी हेच केलंत. तुमचं नशीब बरं."

लेसिएली उभी राहिली होती. तोंडावर फडकं होतं तरी मला तिचा चेहरा कळत होता. मीच धुतलाय तो लहानपणी. तिच्या हातात कापूस होता तो तिनं मुठीत आवळून पार गोळा केला.

"मी दिली होती," ती म्हणाली. "आत्या, मी दिली होती ती."

"तूच दिली होतीस. आणि आजही तूच देणार आहेस. डावा घे."

"मला नाही जमणार. दुसऱ्या कोणाला बोलावते. आरोग्य केंद्रातून—"

"दुसरी कोण येणार आमच्या गावात?"

पोरगी हलेना. भिंतीशी उभ्या बायका हलेनात. मी आई, मी पुढं व्हायला हवं होतं. पण माझ्या जाण्यानं काही होणार नव्हतं, ते मला कळत होतं. वन्संनी मग डावा हात लांब करून लेसिएलीचा हात धरला आणि आपल्या उघड्या खांद्यावर नेऊन ठेवला. आमच्या घरात भाचीनं आत्याला असा हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता.

"हाड शोध," त्या म्हणाल्या. "सावकाश शोध. आता कोणी बघत नाहीये."

लेसिएलीनं हाड शोधलं. त्याच्या खाली बोटं ठेवून जागा धरली, दोनदा काढून पुन्हा धरली. रडत होती, फडकं भिजलं होतं, पण सुई टोचली तेव्हा हात स्थिर होता. वन्सं समोरच्या बायकांकडे बघत राहिल्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, आत्या."

"मग पुढची."

कालोलाइने पुढं आली. "माझी बटणं कोणीतरी काढा गं," ती म्हणाली, "आणि माझ्या वजनाबद्दल बाहेर कोणी बोललं तर बघा." तेव्हा कुठं हॉलमध्ये हसू फुटलं. एकमेकींची बटणं काढत बायका रांगेत लागल्या.

संध्याकाळी ह्यांनी मला विचारलं, "आत काय झालं?"

"बायकांचं होतं."

"लोसे."

मग मी सांगितलं. बहिणीच्या खांद्याचं भावाला सांगायचं नसतं, म्हणून खांदा हा शब्द टाळून सांगितलं. ते ऐकत गेले. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे मी तिथं उभा नसतो तर."

त्यांना बहिणीजवळ जाऊन चुकलं असं म्हणताही येणार नव्हतं. ज्या गोष्टीचं नावच घ्यायचं नाही तिची माफी कशी मागणार? ते त्या रात्री कावाला गेले नाहीत. पुढचे कित्येक दिवस वन्संच्या घराच्या मागचं गवत, पाण्याची टाकी, कोंबड्यांचं खुराडं, जे दिसेल ते दुरुस्त करत सुटले. खुराडं तर मोडलेलंही नव्हतं. वन्सं म्हणाल्या, "त्याला सांग, कोंबड्या घाबरताहेत."

लेसिएलीनं आत्याला व्यायाम द्यायचं मनावर घेतलं होतं. रोज कामावर जायच्या आधी येऊन हात धरून हळूहळू वर न्यायची. हात आधी हनुवटीपर्यंत आला, मग कानापर्यंत. कानाच्या वर तो कधीच गेला नाही, आजही जात नाही. एकदा वन्संनी मोगरी उचलून बघितली, थोडे ठोके मारले आणि बाजूला ठेवून दिली. त्या दिवशी त्या जेवायला आल्या नाहीत.

लग्नाचं कापड अर्धं राहिलं होतं. मी आणि बाकीच्या मिळून आम्ही ते केलंच असतं. आत्यानं रंग घातला, चिकटवलं, तरी ते आत्याचंच झालं असतं. पण एका सकाळी उजाडल्यावर मला मागच्या अंगणातून मोगरीचा आवाज आला आणि मी अंथरुणात उठून बसले. असला आवाज आमच्या गावात कोणाचाच नव्हता. एक दणका, मग बराच वेळ काही नाही, मग दोन दणके.

बाहेर जाऊन बघते तर वन्संच्या ओंडक्याशी आमचे हे. उघड्या अंगानं, मांडी घालून, घामानं न्हालेले. आमच्याकडे पुरुष झाडं लावतो, तोडतो, साल आणून अंगणात टाकतो. मोगरीला हात लावत नाही. कावाच्या बैठकीतले दोघं रस्त्यावर थांबून बघत होते. एकानं विचारलं, "काय इसिलेली, परकर पण शिवायचा का?" ह्यांनी मान वर केली नाही. ही तऱ्हा त्या घरचीच.

मी वन्संकडे गेले. त्यांनी अंगणाकडची खिडकी लावून घेतली होती, उघड्या अंगाच्या भावाकडे बघणं बरं नाही म्हणून. खिडकीला लागून मात्र बसल्या होत्या.

"कोण आहे ते मला कळलंय," मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या. "साल मधे फाटणार. त्याला सांग, मधोमध नको मारू. कडेकडे जा."

मी अंगणात गेले. "वन्सं म्हणतात, मधोमध नको, कडेकडे जा."

ह्यांनी चार ठोके मारले. "विचार, आता?"

मी परत आत. वन्सं मान तिरकी करून ऐकत होत्या. "घाई करतोय. मोगरी आपल्या वजनानं पडू दे म्हणावं, झाड तोडत नाहीये तो."

तेही सांगितलं. असे माझे हेलपाटे चालू राहिले. पुढं पुढं ऊन वर आलं, रस्त्यावरचे दोघं कंटाळून निघून गेले. ठोक्यांना काही फार रूप आलं असं नाही, पण त्यांच्यातलं अंतर कमी झालं. मग एकदा एका दमात बराच वेळ चालले, जड, एकसारखे, पट्टी वळवताना थोडे थांबून.

वन्संचा उजवा हात मांडीवर होता. त्यांनी डोळे मिटले होते.

"शेवटी शेवटी आईचा हात असाच जड झाला होता," त्या म्हणाल्या. "आत्ता मला वाटलं, तीच बसलीय बाहेर."

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "लोसे. हे त्याला सांगू नकोस."

अंगणात ह्यांनी मोगरी थांबवली होती. हाताला फोड आले होते, ते माझ्यापासून लपवत होते.

"काय म्हणाली ताई?"

"थांबू नका म्हणाल्या," मी सांगितलं.